येथे नायक मेला

साप चावलेल्या माणसाच्या पायाला चीर द्यायची, जखमेला तोंड लावायचं आणि विष ओढून थुंकून टाकायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? नीट आठवा. डॉक्टरांनी? एखाद्या नर्सने? तुमच्यातल्या कित्येकांनी साप फक्त गारुड्याच्या टोपलीत पाहिला असेल, तरी हा उपाय तुम्हाला पाठ आहे. कुठून आला तो? मी सांगते. गोष्टीतून आला. आणि ज्याने ती गोष्ट लिहिली, त्याच्याकडे तो आधीच्या कोणाच्या तरी गोष्टीतून आला होता. मधल्या मध्ये दवाखान्याची पायरी कोणीच चढलं नाही.

हा प्रश्न मूळचा माझा नाही, वत्सला सिस्टरचा आहे. ती तो कोणालाही विचारायची. लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, एकदा तर आमच्याकडे मला बघायला आलेल्या पाहुण्यांना. समोरचा गडबडला की "वाटलंच" म्हणायची आणि पुढचा घास घ्यायची. ते पाहुणे परत आले नाहीत. माझं त्यात भलंच झालं, पण तो मुद्दा वेगळा.

बऱ्हाणपुरात शनवारा वेशीच्या आत, आमच्या घराला लागून तिचं घर. सरकारी दवाखान्यात ती वॉर्डाची मुख्य सिस्टर होती. मी तिला मावशी म्हणायचे. अंगाने थोराड, आवाज असा की पावरलूमच्या शेडमध्येही ऐकू जावा. अंबाड्यात गजऱ्याच्या जागी लाल पेन खोचलेलं असायचं. दवाखान्यात रात्रपाळीच्या नोंदी लाल शाईने करायची पद्धत होती. मावशीने ती सवय घरी आणली आणि दिवसपाळीलाही चालू ठेवली. नम्रपणा तिला माहीत नव्हता. "माझ्यासारखी शीर या जिल्ह्यात कोणाला सापडत नाही," हे ती नव्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. डॉक्टर हसायचे, आणि मग एखाद्या सुकलेल्या बाळाची शीर सापडेना की तिलाच हाक मारायचे.

तिला गोष्टींचा राग होता असं समजू नका. गोष्टींचं तिला व्यसन होतं. आमच्या गल्लीतल्या नाट्यमंडळाचं छोटं मराठी वाचनालय आहे, त्यातलं एकही पुस्तक तिने सोडलं नव्हतं. पण तिने वाचलेलं पुस्तक लगेच ओळखू यायचं. समासात लाल शाई. कोणा कविहृदयाच्या लेखकाने केळीच्या फांदीवर कोकिळा बसवली होती, मावशीने लिहिलं, "केळीला फांदी? कोकिळा पडली." एका कादंबरीत प्रेमी पावरलूमच्या शेडमध्ये कुजबुजत होते. आमच्या गावात लूम चालू असताना बाप लेकाला खुणेने बोलावतो. तिथे मावशीचा शेरा होता, "काय म्हणाला ते तिलाही ऐकू आलं नाही. लग्न कसं ठरलं?" आणखी एका जाड पुस्तकात नायिका कित्येक वर्षं बेशुद्ध पडून असते आणि एका सकाळी डोळे उघडून लांबलचक भाषण करते. त्या पानावर लाल शाई इतकी दाबून लिहिलेली होती की अक्षरं मागच्या पानावर उमटली होती. "इतकी वर्षं हिची कूस कोणी बदलली? तिचं नाव कुठे आहे?"

मी पत्रकं वाचत मोठी झाले. माझे वडील लूम कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे, आणि आमच्या घरात रद्दी म्हणजे न वाटलेली पत्रकं. पत्रकात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, हे मला लहानपणीच कळलं होतं. कादंबरीकाराला असं काही करावं लागत नाही, हे मावशीमुळे कळलं.

तिच्या वॉर्डात साप चावलेले लोक कायम यायचे. आमच्याकडे चहूकडे केळीच्या बागा. वाळलेल्या पानांच्या थरात घोणस वेटोळं करून पडलेली असते, पानाच्याच रंगाची. ती चावली आणि विष भिनलं की माणसाचं रक्त गोठायचं विसरतं. ते तपासायची एक साधी रीत आहे. रुग्णाचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी टेबलावर उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. धक्का नाही, हलवणं नाही. मग नळी तिरकी करायची. रक्ताची गाठ बसली असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विषाने आपलं काम सुरू केलंय, विषावरची लस चढवायची.

ती वीस मिनिटं म्हणजे मावशीचं राज्य होतं. नातेवाईक टेबलाभोवती गोळा व्हायचे. कोणी नळी उचलून बघायला हात पुढे करायचा, कोणाला देवाला बोलायचं असायचं, कोणी नुसतंच "सिस्टर, काही करा ना" म्हणत राहायचं. मावशी टेबलाच्या कडेला स्टूल टाकून बसायची आणि सांगायची, "करते आहे. हेच करायचं असतं. आता गोष्ट ऐका." मग वाचलेल्या एखाद्या कादंबरीची गोष्ट सांगायची, आपल्या दुरुस्त्यांसकट. दूरच्या देडतलाईकडून आलेल्या, हुंदके देणाऱ्या बायका हळूहळू ऐकू लागायच्या. एक डोळा नळीवर आणि एक डोळा मावशीवर. वेळ झाली की गोष्ट अर्ध्यात तोडून ती उठायची. कित्येकांना त्या गोष्टीचा शेवट अजून माहीत नाही. रुग्णाचा शेवट मात्र माहीत आहे, बहुतेकांचा चांगला.

आता त्या लेखकाकडे येते. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की खप वाढतो.

तो मोठा माणूस. पुरस्कार, परिसंवाद, मफलर. तापीकाठावर कादंबरी लिहायची म्हणून आमच्या गावी आला. नाट्यमंडळाचे चिटणीस चौधरीकाका, कापडाचे व्यापारी, त्यांच्याकडे उतरला. काकांनी त्याला मावा जलेबी खाऊ घातली, घाट दाखवला, जवळच्या बहादरपूरच्या एका बागेत नेऊन केळीच्या घडाशेजारी त्याचा फोटो काढला. कादंबरीत एक नर्स आहे म्हटल्यावर त्याला वत्सला सिस्टरकडे घेऊन आले. तेव्हा टेबलावर नळी होती. मावशीने वर न बघता स्टूल दाखवलं आणि म्हणाली, "बसा. वीस मिनिटं."

तो बसला. थोड्या वेळाने त्याने घड्याळ पाहिलं. मग वॉर्डाच्या छताकडे, मग घड्याळ. मग चौधरीकाकांच्या कानात काही बोलला आणि दोघं उठून गेले. ऊन उतरायच्या आत त्याला किल्ला बघायचा होता. मावशीची गोष्ट नुकती रंगात आली होती. तिने दाराकडे पाहिलं, अंबाड्यातलं पेन चाचपलं, आणि बायकांना म्हणाली, "गेला. याच्या पुस्तकात कोणीतरी मरणार बघा."

पुस्तक आलं. छान जाड, मुखपृष्ठावर नदी. पुण्याचा तरुण कृषी अधिकारी आमच्या बागेत येतो, फणा काढून नाग त्याला डसतो. तेवढ्यात मोकळ्या केसांची नर्स धावत येते, पदर फाडून त्याच्या पोटरीवर करकचून बांधते, कोयत्याने चीर देते, आणि मग दोन पानं ती त्याच्या पायातून विष ओढते आहे. काय ती दोन पानं! नदीच्या, चंद्राच्या आणि ओठांच्या उपमा. रात्रभर ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते आणि सकाळी विष उतरतं. तो उठून तिला तापीचं वर्णन ऐकवतो. पुस्तकाच्या सुरुवातीला, अर्पणपत्रिकेच्या मागच्या पानावर, लेखकाने आभार मानले होते. "मोलाची माहिती देणाऱ्या बऱ्हाणपूरच्या परिचारिका भगिनी" यांचे.

मावशीने वाचनालयाची प्रत घरी आणली. त्या दोन पानांपाशी ती बराच वेळ थांबली होती. मी पलीकडच्या ओट्यावरून बघत होते, पान उलटेना. मग तिने पेन काढलं. दुसऱ्या पानाच्या खाली, मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"येथे नायक मेला. पुढची पानं खोटी आहेत. बांधू नका, कापू नका, चोखू नका. पाय हलवू नका, पैंजण-अंगठ्या काढा, लगेच दवाखान्यात न्या."

आणि खाली सही, हुद्द्यासकट.

चौधरीकाका चिडले. "अहो सिस्टर," ते तिच्या ओट्यावर उभे राहून म्हणाले, "एवढा मोठा माणूस आपल्या गावावर लिहून राहिला, आणि तुम्ही पुस्तक खराब करून राहिल्या? काय म्हणतील लोक? जाहिल, अडाणी गाव आहे म्हणतील."

"कोणता भाग खराब झाला?" मावशीने विचारलं.

"लाल केलाय तो."

"तेवढाच चांगला आहे."

काकांनी ती प्रत कपाटात ठेवून कुलूप घातलं. खराब झालेलं पुस्तक सभासदांना द्यायचं नाही, असा वाचनालयाचा नियम आहे. त्यांनी आपल्या पैशाने नवी कोरी प्रत आणली आणि तिच्यावर वाचनालयाचा शिक्का मारला. वाईट हेतू नव्हता त्यांचा. तरी मी त्यांना सोडणार नाही. कारण पुढे जे झालं ते त्या कुलपामुळे झालं.

बहादरपूरचा प्रल्हाद महाजन वाचणारा शेतकरी. दर बाजाराला आला की वाचनालयातून पुस्तक घेऊन जायचा. आपल्या बागांवर कादंबरी निघाली म्हटल्यावर त्याने ती नवी कोरी प्रत नेली. काही आठवड्यांनी त्याची बायको सुनंदा बागेत वाळलेली पानं कापत होती. घोणस चावली. प्रल्हादने केळीच्या झाडांना आधाराला बांधतात ती नायलॉनची दोरी घेतली आणि गुडघ्याखाली करकचून आवळली. विळ्याने चीर दिली. तोंड लावलं. रक्त थांबेना, तर वर आणखी एक दोरी. त्याच्या भावाने जीप काढली होती. प्रल्हाद म्हणाला, थांब, सकाळपर्यंत उतरतं.

सकाळी तिला आणलं तेव्हा पाय वांग्यासारखा झाला होता. मावशीची ड्यूटी होती. लस दिली, रक्त दिलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सुनंदा वाचली, पाय गेला. नुसतं विष असतं तर पाय राहिलाही असता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दोरीने आणि चिरेने घात केला.

पण मावशीला जे लागलं ते वेगळंच. दोरी कापताना तिने प्रल्हादला नेहमीचा प्रश्न विचारला होता, कोणी शिकवलं म्हणून. प्रल्हाद रडत नव्हता, तो खरंच गोंधळला होता. म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच ना? पुस्तकात नर्सच करते असं. आणि सुरुवातीला छापलंय, बऱ्हाणपूरच्या सिस्टरांनी माहिती दिली. म्हटलं, तुमचंच असेल. म्हणून तर भरोसा ठेवला."

त्या दिवशी ती घरी आली आणि जेवली नाही. आई ताट घेऊन गेली तर म्हणाली, "माझ्या नावावर कापलं त्याने तिला."

बातमी काही दिवसांत पसरली, आणि जशी पसरायची तशीच पसरली. वॉर्डात नातेवाईक विचारू लागले, सिस्टर, तुम्ही पुस्तकात एक सांगता आणि इथे दुसरंच करता, असं कसं? कोणी म्हणालं, लेखकाला खरं सांगितलं असेल, दवाखान्यात औषधं खपवायची म्हणून लस देतात. जी बाई बोट वर करून "बसा" म्हणाली की लोक बसायचे, तिच्या समोर लोक आता उभे राहू लागले. एका म्हाताऱ्याने तर नळी उचलून हलवली. तिचं सगळं काम लोकांच्या भरवशावर चालायचं, आणि तो भरवसा एका मफलरवाल्याने आभार मानून संपवला होता.

मावशीने चौधरीकाकांच्या दुकानातून त्याला फोन लावायला लावला. तिची मागणी एकच होती, पुढच्या आवृत्तीत ती दोन पानं बदला आणि आमचे आभार काढा. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, मी कापडाच्या ताग्यांपाशी उभी होते. लेखक फार गोड बोलला. म्हणाला, ताई, तुमच्या भावना समजतात. पण मी पाठ्यपुस्तक लिहीत नाही. वास्तव आणि सत्य यांत फरक असतो. त्या प्रसंगातलं सत्य हे समर्पणाचं सत्य आहे.

"पाय कोणी समर्पित केला?" मावशीने विचारलं.

तो हसला आणि म्हणाला, तुम्ही छान बोलता, तुमच्यावर लिहायला हवं.

फोन ठेवल्यावर काकांनी ताग्याची घडी घालता घालता तिला समजावलं, "जाऊ द्या ना सिस्टर. कलाकार लोक असतात." त्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं की गणपतीत मंडळ त्या कादंबरीवरच नाटक बसवणार आहे. लेखक स्वतः प्रमुख पाहुणे म्हणून येणार. आसपासच्या गावांतूनही लोक येतील. शाळेची मुलं येतील.

मला वाटलं मावशी दुकान डोक्यावर घेईल. ती फक्त "असं" म्हणाली. त्या "असं"ची मला भीती वाटली.

नाटक बसू लागलं. नायक म्हणून बँकेतले मोघे, वय पंचेचाळीस, विग लावून तरुण. नर्सच्या कामाला कॉलेजची एक मुलगी मिळाली होती, पण तालमीत तिला मोघ्यांच्या पोटरीला तोंड लावायचं आहे हे तिच्या होणाऱ्या सासरी कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. दुसरी मुलगी पोटरी बघूनच नाही म्हणाली. कादंबरीतल्या त्या नदीच्या आणि चंद्राच्या उपमा वाचताना एकाही वाचकाच्या लक्षात आलं नव्हतं की ही एका परक्या माणसाच्या केसाळ पायाची गोष्ट आहे. चौधरीकाका हैराण झाले. शेवटी निदान नर्सचा गणवेश तरी मिळेल म्हणून मावशीकडे आले.

"गणवेश देते," मावशी म्हणाली. "पण मी आत असेन."

"तुम्ही? नर्स तरुण आहे हो त्यात."

"नायक कुठे तरुण आहे? आणि माझ्या तोंडाबद्दल आता कोणाचं सासर विचारणार?"

काकांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं की ती लिहिलेलं तसंच करेल. तिने तालमीत तसंच केलं. पदर बांधायची, खोटा कोयता चालवायची, मोघ्यांच्या पायावर वाकायची. भाषणं चोख पाठ. मी विंगेत प्रॉम्प्टर होते आणि माझ्या मनात तिच्याबद्दल पहिल्यांदाच राग आला. वाटलं, विकली गेली, हार मानली हिने.

प्रयोगाच्या संध्याकाळी मांडव भरला. पहिल्या रांगेत सोफ्यावर लेखक, गळ्यात हार आणि उकाड्यातही मफलर. कडेला एका खुर्चीवर सुनंदा बसली होती, काखेत कुबडी. तिच्यामागे प्रल्हाद. मावशीने त्यांना स्वतः जाऊन बोलावलं होतं.

नागाचा प्रसंग आला. मोघे किंचाळून पडले. मावशी धावत आली, आणि तिने पदर फाडला नाही. मोघ्यांच्या बाजूला बसून त्यांचा पाय लाकडी फळीला सैलसर बांधला. त्यांच्या बोटातली अंगठी काढली. मी विंगेतून वाक्य पुटपुटले, तिने ऐकलं नाही. मग पोलक्याच्या खिशातून तिने सुई काढली, आणि मोघ्यांना काही कळायच्या आत त्यांच्या दंडातून खरंखुरं रक्त ओढलं. मोघे या वेळी जे ओरडले ते नाटकातलं नव्हतं.

"हलू नका," मावशी म्हणाली. "साप चावलाय तुम्हाला, मच्छर नाही."

लोक हसले. तिने रक्त काचेच्या नळीत सोडलं, नळी नाटकातल्या तिपाईवर उभी ठेवली, आणि स्टूल ओढून प्रेक्षकांकडे तोंड करून बसली.

"आता वीस मिनिटं," ती म्हणाली. "कोणी उठायचं नाही."

आणि ती काहीच बोलली नाही. या खेपेला गोष्टही नाही.

आधी लोक हसत राहिले. मग शिट्ट्या झाल्या. मग कोणीतरी मागून "आगे बढ़ाओ" म्हणालं. मग ते थांबलं. मागच्या बाजूला गावांकडून आलेल्या बायका होत्या. त्यांतल्या कित्येक जणी कधी ना कधी त्या वॉर्डातल्या टेबलाशी बसलेल्या. त्यांनी मुलांना मांडीवर घेतलं आणि नळीकडे बघत राहिल्या. त्यांच्याकडे बघून पुढचे गप्प झाले. मांडवात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मोघे आडवे पडून छताकडे बघत होते, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना खरंच साप चावला होता.

लेखकाने घड्याळ पाहिलं. मग चौधरीकाकांकडे पाहिलं. मग मांडवाच्या छताकडे. मग मफलर सावरून तो उठला.

"बसा," मावशी स्टूलावरून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "मागच्या वेळीही तुम्ही इथेच उठला होतात."

सगळा मांडव त्याच्याकडे वळला. तो हसला, मान हलवली, मोबाईल कानाला लावला. फोन आलेला नव्हता. मी विंगेतून बघत होते, मोबाईलचा पडदा काळाच होता. बोलत बोलत तो सुनंदाच्या खुर्चीजवळून पुढे गेला आणि मांडवाबाहेर निघून गेला. त्याने कुबडी पाहिली की नाही, मला माहीत नाही. न पाहण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही.

सोफा रिकामा झाल्यावर चौधरीकाकांनी पडदा पाडला. बाहेर माफी मागण्याचा, मग आरतीचा आवाज आला. पडद्यामागे मावशी तशीच बसली होती. मोघ्यांनी "आता उठू का?" विचारलं, तर तिने नकारार्थी बोट हलवलं. वेळ पूर्ण झाल्यावर तिने नळी उचलली आणि तिरकी केली. रक्ताची गाठ काचेला धरून राहिली.

"उठा मोघे," ती म्हणाली. "जगलात."

हे प्रेक्षकांतल्या कोणीही पाहिलं नाही. तिला त्याचंच वाईट वाटत राहिलं. नाटक उधळल्याचं नाही, पाहुणा गेल्याचं तर नाहीच. शेवट न दाखवता पडदा पाडला याचं. मंडळाने तिचं सभासदत्व रद्द केलं. मोघे मात्र पुढे कित्येक दिवस लोकांना दंड दाखवत हिंडत होते. आणि वॉर्डात, हळूहळू, लोक पुन्हा स्टूलावर बसू लागले. कोणी नवखा नळीला हात लावायला गेला की बाकीचेच त्याला दटावायचे, "ए, वीस मिनिट बैठ. नाटक नहीं देखा क्या?"

निवृत्त झाल्यावर ती जळगावला लेकाकडे राहायला निघाली. मी स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडीला वेळ होता, ती पुस्तकांच्या गाड्यापाशी रेंगाळली. तिथे त्या कादंबरीची नवी आवृत्ती होती. मागच्या मुखपृष्ठावर आमच्या मांडवाचा फोटो, आणि खाली "तापीकाठच्या रसिकांनी डोक्यावर घेतलेल्या नाट्यप्रयोगाची मूळ कादंबरी". मावशीने आत पाहिलं. दोन्ही पानं जशीच्या तशी होती. आभारही.

तिने अंबाड्यातून पेन काढलं आणि तिथेच, उभ्या उभ्या, लिहू लागली.

"मॅडम, ये क्या कर रहे हो?" गाड्यावरचा माणूस धावत आला.

"मौत की खबर लिख रही हूँ, भैया," ती म्हणाली. "पहिलेच देर हो गई है."

"फिर खरीदना पड़ेगा."

"मेलेल्या माणसाचं पुस्तक मी कशाला घेऊ?" असं माझ्याकडे बघून म्हणाली, सही केली, पुस्तक होतं तसं बाकीच्यांच्या वर ठेवलं, आणि आलेल्या गाडीत चढली. तो माणूस पान फाडावं की पुस्तक लपवावं याचा विचार करत राहिला. खिडकीशी गेल्यावर मी गहिवरून तिच्याकडे ते लाल पेन मागितलं, आठवण म्हणून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं नळी हलवणाऱ्याकडे बघायची.

"माझं मला लागतं," म्हणाली. "तू तुझं घे की. दुकानात काय कमी आहेत?"

गाडी हलली तेव्हा ती समोरच्या सीटवरच्या अनोळखी बाईला काहीतरी विचारत होती. ऐकू आलं नाही, पण काय विचारत असणार ते मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी ती तिकडेच वारली. ते पुस्तक अजून छापलं जातं.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे, आणि ते या आठवड्यात करा. तुमच्या वाचनालयात जा. असं पान असलेलं पुस्तक तिथे नक्की असेल, एक नाही, पुष्कळ असतील. ते पान काढा आणि खाली लिहा: येथे नायक मेला. बांधू नका, कापू नका, चोखू नका. पाय हलवू नका, दवाखान्यात न्या. सही करा, म्हणजे जाब विचारायला लोकांना माणूस सापडेल. पेन्सिल नको, ती खोडता येते. आणि पेन स्वतःचं न्या.